खासदाराची कीर्द, मतदारसंघाची खतावणी

जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत ज्याने कधी हिशेब लिहिला आहे, त्याला कीर्द आणि खतावणी यांतला फरक सांगावा लागत नाही. कीर्दीत त्या दिवसाचा व्यवहार त्या दिवशी उतरतो. कापूस आला, डाळ गेली, हमाली दिली, व्याज आले, सगळे एकाखाली एक. खतावणीत तोच व्यवहार माणसाच्या नावाने आणि मालाच्या नावाने वेगळा काढला जातो, आणि मग कुणाकडे किती येणे आहे व कुणाचे किती देणे आहे हे दिसू लागते. कीर्द कितीही नेटकी असली तरी खतावणी केल्याशिवाय पेढी नफ्यात आहे की तोट्यात, हे मालकालाही कळत नाही. आपल्या संसदेने १९५२ पासून कीर्द चोख ठेवली आहे. लोकसभेत कोण काय बोलले, कुणी कोणता प्रश्न विचारला, मंत्र्यांनी काय उत्तर दिले, हे सारे दिवसवार नोंदलेले आहे आणि आज ते घरबसल्या वाचता येते. खतावणी मात्र संसद करत नाही आणि ते तिचे कामही नाही. ती मतदारसंघाने करायची असते, आणि ती आपल्याकडे नियमाने होत नाही. आज मला आपल्यापुढे एकच गोष्ट मांडायची आहे. खासदाराच्या कामाचा माग ठेवायचा असेल तर त्याच्या नावापुढचे आकडे मोजून भागणार नाही. मतदारसंघाचा एकेक विषय घेऊन त्या विषयाचे खाते उघडावे लागेल.

आकडे मोजण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही दिल्लीची संस्था २००५ साली सुरू झाली आणि तिने लोकसभेच्याच नोंदींवरून प्रत्येक खासदाराची हजेरी, भाषणे, प्रश्न आणि अशासकीय विधेयके यांचे तक्ते सर्वांना खुले केले. हे मोठे काम आहे. त्याआधी एखाद्या खासदाराची पाच वर्षांची हजेरी शोधायची तर ग्रंथालयात महिने घालवावे लागले असते. पण अधिवेशन संपले किंवा निवडणूक आली की आपली वृत्तपत्रे त्या तक्त्यांतून एकच रकाना उचलतात. अमुक खासदाराने इतके प्रश्न विचारले, तमुक खासदार राज्यात इतक्या क्रमांकावर, असा मथळा होतो. खासदाराचे कार्यकर्ते तोच आकडा फलकावर लावतात, विरोधक दुसऱ्याचा मोठा आकडा दाखवतात, आणि विषय तिथेच संपतो. प्रश्न कशाविषयी होता, उत्तर काय आले आणि त्या उत्तराचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही. आकडा म्हणजे कीर्दीतल्या ओळींची मोजदाद. ज्या पेढीच्या कीर्दीत ओळी जास्त ती पेढी श्रीमंत, असे कुठला मुनीम म्हणेल?

या मोजणीचा फोलपणा समजून घ्यायला आपल्याला दूर जावे लागत नाही. त्याचा देशातला सर्वांत जळजळीत पुरावा आपल्याच भागातला, जळगाव जिल्ह्यातला आहे. १२ डिसेंबर २००५ रोजी आज तक वाहिनीवर कोब्रापोस्टने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण दाखवले गेले. पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारण्याचे ते प्रकरण होते. ज्या लघुउद्योजक संघटनेच्या नावाने खासदारांना हे प्रश्न पुरवले गेले ती अस्तित्वातच नव्हती, पत्रकारांनी रचली होती. लोकसभा अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २३ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांत, लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या १ सदस्याची हकालपट्टी झाली. त्या दहा जणांत महाराष्ट्राचे दोघे होते आणि दोघेही जळगाव जिल्ह्यातले. जळगावचे वाय. जी. महाजन, आणि वाजपेयी सरकारात राज्यमंत्री राहिलेले एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील. शिक्षेविषयी मतभेद होते, हेही सांगितले पाहिजे. समितीतले विजयकुमार मल्होत्रा यांनी भिन्नमत नोंदवले होते आणि भारतीय जनता पक्षाने मतदानाच्या वेळी सभात्याग केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जानेवारी २००७ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सभागृहाचा हकालपट्टीचा अधिकार मान्य केला. मगच पोटनिवडणुका झाल्या. दरम्यान वर्षाहून अधिक काळ एकाच जिल्ह्यातल्या दोन मतदारसंघांना लोकसभेत आवाज नव्हता.

आता या प्रकरणाकडे मोजणीच्या बाजूने पाहा. समजा नोव्हेंबर २००५ मध्ये कुणी या अकरा जणांच्या प्रश्नसंख्येचा तक्ता केला असता. पैसे घेऊन दिलेला प्रश्न आणि शेतकऱ्याच्या पत्रावरून दिलेला प्रश्न यांत त्या तक्त्याला काहीच फरक दिसला नसता, कारण तक्त्यात दोघांचे मोल सारखेच, एक. विकलेल्या प्रत्येक प्रश्नाने त्या खासदाराचा क्रमांक वरच नेला असता. आणि कुणी प्रश्न वाचले असते तर? दिल्या गेलेल्या प्रश्नांमध्ये रेल्वेने जर्मनीहून ‘योसारियन’ नावाचे डिझेल-विद्युत इंजिन मागवले आहे काय, असा एक प्रश्न होता. असे इंजिन जगात कुठे नाही. योसारियन हे एका प्रसिद्ध अमेरिकी कादंबरीतल्या नायकाचे नाव. भुसावळच्या रेल्वे कारखान्यातल्या एखाद्या जुन्या फिटरपुढे तो कागद ठेवला असता तरी त्याने भुवया उंचावल्या असत्या. मोजणाऱ्याला जे कधीच कळले नसते ते वाचणाऱ्याला एका बैठकीत कळले असते. प्रश्नांचा बाजार स्वतंत्र भारताच्या संसदेला नवा नव्हता. १९५१ साली, हंगामी संसदेत, मुंबई बुलियन असोसिएशनसाठी पैसे घेऊन प्रश्न आणि दुरुस्त्या मांडल्याबद्दल एच. जी. मुद्गल यांच्यावर कारवाईचा ठराव खुद्द पंडित नेहरूंनी आणला होता. आणि प्रश्न खरोखर कुणाच्या हातचा, हा वाद अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, पुन्हा उभा राहिला. प्रश्न देण्याच्या पोर्टलचे लॉगिन दुसऱ्याला दिल्याच्या कारणावरून महुआ मोईत्रा यांचे सदस्यत्व गेले. पुढच्या वर्षी मतदारांनी त्यांना परत निवडून दिले.

भ्रष्टाचार बाजूला ठेवला आणि प्रत्येक सदस्य निर्मळ मनाने प्रश्न देतो असे मानले, तरी आकडा फसवतो. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न लागतात आणि २३० अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे. कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीने ठरते. वीस तारांकितांपैकी पाच-सहांनाच सभागृहात तोंडी उत्तर मिळते, बाकीच्यांची उत्तरे लेखी पटलावर जातात. एकाच आशयाचे प्रश्न आले की ते एकत्र करून त्यावर तीन-चार सदस्यांची नावे छापली जातात, आणि तो एक प्रश्न सर्वांच्या खात्यात एकेक म्हणून जमा होतो. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, हजेरीपुस्तकात सहीही करत नाहीत. धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे जुलै २०१६ ते मे २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते. त्या तीन वर्षांत त्यांचा प्रश्नांचा रकाना रिकामा राहिला तो पदामुळे. रावेरच्या रक्षा खडसे जून २०२४ पासून क्रीडा व युवक कल्याण खात्याच्या राज्यमंत्री आहेत. त्यांचे काम आता प्रश्नांत सापडणार नाही, त्यांनी दिलेल्या उत्तरांत शोधावे लागेल. सप्टेंबर २०२०च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले आणि निलंबितांच्या नावावरचे प्रश्न यादीतून काढले गेले. या सगळ्याचा हिशेब एका आकड्यात कसा बसणार?

एक अतारांकित प्रश्न हातात घेऊन पाहू. वर मंत्रालयाचे नाव, खाली सदस्याचे नाव, मग ‘मंत्री महोदय सांगण्याची कृपा करतील काय’ हा ठरलेला साचा आणि त्याखाली चार-पाच पोटप्रश्न. अमुक रेल्वेमार्गाची मागणी प्रलंबित आहे काय, असल्यास तपशील काय, सर्वेक्षण झाले काय, निधी किती दिला, काम केव्हा पूर्ण होईल. उत्तर बहुधा सगळ्या पोटप्रश्नांना एकत्र बांधून येते. त्यात मार्गाची लांबी असते, आजवरच्या सर्वेक्षणांची जंत्री असते, आणि शेवटी एक वाक्य येते. नवे मार्ग वाहतुकीची गरज, किफायतशीरपणा, निधीची उपलब्धता वगैरे पाहून घेतले जातात, असे ते वाक्य. पाचवा पोटप्रश्न, केव्हा पूर्ण होईल हा, त्या गाठोड्यात कुठे नाहीसा होतो ते शोधूनही सापडत नाही. इथेच वाचकाची कसोटी लागते. कोणत्या पोटप्रश्नाला उत्तरच मिळाले नाही याची नोंद करणे, हा खतावणीचा पहिला नियम असला पाहिजे. दुसरा नियम आश्वासनाचा. ‘माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवली जाईल’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ अशी वाक्ये आपण सरकारी भाषा म्हणून सोडून देतो. संसदेच्या लेखी ती आश्वासने असतात. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे. मंत्र्याने दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे व्हावे असा दंडक आहे. न झाल्यास मंत्रालयाला समितीकडे मुदतवाढ मागावी लागते, किंवा आश्वासन वगळण्याची विनंती करावी लागते. म्हणजे खासदाराने प्रश्न विचारून मंत्र्याच्या तोंडून एक आश्वासन काढले, तर पुढच्या पाठपुराव्यासाठी त्याच्या हातात एक सनदशीर दोरी येते. ती दोरी त्याने ओढली की सोडून दिली, हे पाहणे मला त्याच्या साऱ्या प्रश्नसंख्येपेक्षा महत्त्वाचे वाटते.

आता एक खाते प्रत्यक्ष उघडून दाखवतो. मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग. खानदेशात ही मागणी किती जुनी, हे इथे बसलेल्या कुणाला सांगायला नको. पिढ्यान् पिढ्या प्रत्येक निवडणुकीत तिचे नाव घेतले गेले. या खात्यातल्या अलीकडच्या तीनच नोंदी एकाखाली एक मांडू. २८ ऑगस्ट २०१८: जवाहरलाल नेहरू बंदर, रेल्वे मंत्रालय आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारे यांच्यात सामंजस्य करार. लांबी ३६२ किलोमीटर, अंदाजित खर्च साडेआठ हजार कोटी रुपयांच्या घरात, मार्ग मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा. १६ फेब्रुवारी २०१९: धुळ्याच्या सभेत पंतप्रधानांच्या हस्ते धुळे-नरडाणा मार्गाची पायाभरणी. २ सप्टेंबर २०२४: केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्थानके, पूर्ततेचे वर्ष २०२८-२९. तीन ओळींत केवढी कथा आहे पाहा. मार्ग ५३ किलोमीटरने आखूड झाला आणि खर्च दुपटीहून अधिक झाला. मधल्या सहा वर्षांत करारातल्या बंदराच्या वाट्याचे काय झाले, आखणी का बदलली, कोणती गावे आली आणि कोणती सुटली, हे सगळे लोकसभेत विचारण्याजोगे प्रश्न आहेत. ते कुणी विचारले, केव्हा विचारले आणि मंत्र्यांनी काय सांगितले, एवढे या ओळींच्या मधे भरले की खाते पुरे होते. मग श्रेयाचा फलक कुणी लावावा, यावर वाद घालण्याचे कारणच उरणार नाही.

हे खाते खासदाराच्या नावाने का उघडता येत नाही, हेही या उदाहरणात दिसते. २०१८चा करार नौवहन मंत्रालयाच्या पुढाकाराने झाला. म्हणजे ज्याने फक्त रेल्वे मंत्रालयाचे प्रश्न चाळले त्याच्या हातून अर्धी कथा सुटली. संसदेची कीर्द मंत्रालयवार आणि वारवार विभागलेली आहे, आपला विषय मात्र मंत्रालयांच्या सीमा ओलांडून जातो. मतदारसंघांच्या सीमाही ओलांडतो. मार्ग जिथून निघतो ते मनमाड दिंडोरी लोकसभा मतदारसंघात. मालेगाव, धुळे आणि नरडाण्याचा शिंदखेडा तालुका धुळे मतदारसंघात. शिरपूर हा तालुका धुळे जिल्ह्यातला, पण लोकसभेला तो नंदुरबारात. एका रुळाच्या वाटेवर महाराष्ट्रातच तीन खासदार. एकाने प्रश्न विचारला आणि दुसरे दोघे गप्प राहिले, की तिघांनी मिळून मंत्र्यांना गाठले, हे विषयाच्या खात्यात दिसते, खासदाराच्या तक्त्यात दिसत नाही. मतदारसंघही कायमचे नसतात. २००८च्या पुनर्रचनेत एरंडोल हा लोकसभा मतदारसंघच नाहीसा झाला आणि रावेर नवा आला. एरंडोलच्या माणसाने आपल्या खासदाराच्या कामाची पंचवीस वर्षांची नोंद शोधायची तर कुणाच्या नावाने शोधायची? गाव आणि विषय जागेवर राहतात, खासदार आणि मतदारसंघ बदलतात. खाते विषयाचेच हवे ते त्यासाठी.

इथवर ऐकल्यावर काही आक्षेप आपल्या मनात आले असतील, आणि ते गंभीर आहेत. पहिला आक्षेप असा की खासदाराचे खरे काम दिल्लीत नसून मतदारसंघात असते. लोकांना तो लग्नाला-मयतीला यायला हवा असतो, दवाखान्यात फोन करायला हवा असतो, गावात सभामंडप आणि हायमास्ट द्यायला हवा असतो. माणिकराव गावितांना नंदुरबारने नऊ वेळा लोकसभेवर पाठवले ते काही प्रश्न मोजून पाठवले नाही. लोकांच्या अडीनडीला धावून जाणे हे मी कमी लेखत नाही. दुर्गम पाड्यावरच्या माणसाला सरकारदरबारी नेणारा हात हवाच असतो. पण निधीचे गणित एकदा करून पाहू. खासदार स्थानिक विकास निधी २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. जळगाव किंवा धुळे मतदारसंघात मतदार २० लाखांच्या आसपास. म्हणजे मतदारामागे वर्षाला २५ रुपये. याच खासदाराचे मत ज्या केंद्रीय अर्थसंकल्पावर पडते, तो २०२४-२५ मध्ये ४८ लाख कोटी रुपयांचा होता. २५ रुपयांच्या हिशेबासाठी आपण खासदाराच्या दारात उभे राहतो, आणि ज्या सभागृहात ४८ लाख कोटींचा हिशेब होतो तिथे तो काय करतो याची चौकशी करत नाही. मार्च २०२३ मध्ये जवळपास ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प लोकसभेने गोंधळात, चर्चेविना, काही मिनिटांत संमत केला. केळीच्या किंवा कापसाच्या एका शब्दालाही त्या दिवशी जागा मिळाली नाही. ते नुकसान कुठल्या सभामंडपाने भरून निघणार?

दुसरा आक्षेप अभ्यासू मंडळी घेतात. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदार पक्षादेशाचा बांधील झाला, मग त्याच्या बोलण्याचा माग ठेवून काय उपयोग? मतदानापुरता हा आक्षेप खरा आहे, आणि त्या कायद्याने संसदेतल्या चर्चेचे मोल घटवले आहे यात मला शंका नाही. पण प्रश्नाला पक्षादेश नसतो. शून्य प्रहराला नसतो, नियम ३७७खाली मांडायच्या विषयाला नसतो, स्थायी समितीच्या बैठकीला नसतो. सत्ताधारी पक्षाचा खासदारही अडचणीचा प्रश्न विचारू शकतो आणि पुष्कळदा विचारतो. उलट, मतदानात हात बांधलेले असतात म्हणूनच हे उरलेले मोकळे दरवाजे तो वापरतो की नाही, हे पाहण्याला महत्त्व येते. समित्यांकडे तर कुणाचेच लक्ष नाही. मंत्रालयवार स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, आज त्या २४ आहेत. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालासोबत बैठकांची इतिवृत्ते छापली जातात आणि त्यांत कोण हजर होते ती नावे असतात. आपला खासदार कोणत्या समितीवर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? रेल्वेवर, जलसंपदेवर, कृषीवर? अनुदानाच्या मागण्या सभागृहात चर्चेविना संमत होत असतील, तर त्यांची छाननी होण्याची जागा एवढी एकच उरते.

तिसरा आक्षेप असा की अपुरे का होईना, माप असलेले बरे. आकड्यांमुळे निदान खासदार सभागृहात बसायला लागले. हे मला अंशतः मान्य आहे. ज्याची हजेरी नगण्य आहे त्याला जाब विचारायला आकडा पुरतो. पण मापाला बक्षीस लागले की माणसे मापासाठी काम करू लागतात, आणि मग देशभराच्या योजनांचे तपशील मागणारे तेच ते प्रश्न यादीत वाढत जातात. त्यांचा मतदारसंघाशी संबंध नसतो, आणि उत्तर बहुधा संकेतस्थळावर आधीच असते. याउलट उदाहरण मधु लिमये यांचे. ते १९४०-४१ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. पुढे ते बिहारमधून, मुंगेर आणि बांका येथून, लोकसभेवर गेले आणि सरकारला सर्वांत जड जाणाऱ्या सदस्यांत गणले गेले. त्यांचा धाक प्रश्नांच्या संख्येचा नव्हता. नियमांचे पुस्तक आणि सरकारी कागद त्यांनी सरकारपेक्षा बारकाईने वाचलेले असत, त्याचा तो धाक होता. असा सदस्य आजच्या तक्त्यात कितव्या क्रमांकावर बसला असता, हा प्रश्न तक्ते करणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

चौथा आक्षेप निराशेचा आहे, आणि तो मी सर्वाधिक वेळा ऐकतो. मत जातीवर पडते, पक्षावर पडते, लाटेवर पडते, ही खाती वाचणार कोण? नंदुरबारच्या डॉ. हीना गावितांना संसदरत्न पुरस्कार मिळाला होता, तरी २०२४ मध्ये त्या पराभूत झाल्या, असे उदाहरणही दिले जाते. त्यावरून मतदाराला संसदेतल्या कामाची किंमत नाही असा निष्कर्ष निघत नाही. निवडणुकीला अनेक कारणे असतात, आणि चेन्नईच्या एका संस्थेने सुरू केलेल्या पुरस्काराचा धडगावच्या मतदाराच्या रोजच्या प्रश्नाशी काय संबंध, हे त्याला कुणी समजावून सांगितलेले नसते. त्याच निवडणुकीत धुळ्यात डॉ. शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. वीस लाख मतदारांच्या मतदारसंघात चार हजारांपेक्षा कमी मतांनी निकाल लागतो. सगळ्यांनी खाती वाचण्याची गरज नाही, एका तालुक्यातल्या काही हजार माणसांनी वाचली तरी उमेदवाराला त्यांची दखल घ्यावी लागेल.

उरला प्रश्न हे काम कुणी करायचे याचा. धुळ्याच्या माणसाला त्याचे उत्तर शोधायला शहराबाहेर जावे लागत नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ साली इथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी उपसली, आणि अस्सल कागद पाहिल्याशिवाय इतिहासात विधान करायचे नाही असा आग्रह आयुष्यभर धरला. नानासाहेब देवांनी समर्थ रामदासांच्या संप्रदायाची हस्तलिखिते अशीच मठामठांतून गोळा करून याच शहरात आणली. तीन शतकांपूर्वीच्या कागदांसाठी ज्या गावाने एवढे कष्ट घेतले, त्याला गेल्या अधिवेशनाचे कागद जड जाऊ नयेत. ते शोधायला माळ्यावर चढायचे नाही, फक्त वाचायचे आहेत. अडचण आहे ती भाषेची. लोकसभेची उत्तरे हिंदी आणि इंग्रजीत असतात. मराठी सदस्य सभागृहात मराठीत बोलू शकतो, पण त्याला मिळालेले लेखी उत्तर रावेरच्या केळी उत्पादकापर्यंत मराठीत पोचत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत राज्यशास्त्र शिकवले जाते. एका महाविद्यालयाने एक विषय घ्यावा. रावेर-यावलने केळीचा हवामानाधारित पीक विमा, अमळनेरने पाडळशाचे निम्न तापी धरण, शिरपूर-धुळ्याने रेल्वेमार्ग, चाळीसगाव-पाचोऱ्याने कापूस. प्रत्येक अधिवेशनानंतर त्या विषयावरचे सगळ्या खासदारांचे प्रश्न, शून्य प्रहरातली निवेदने आणि मंत्र्यांची उत्तरे मराठीत आणून तालुक्याच्या वाचनालयात ठेवावीत आणि स्थानिक दैनिकाने ती छापावीत. राज्याच्या अखत्यारीतली बाब असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण जे मुळात केंद्राकडे नाही त्याबद्दल खासदाराला दोष देणे हाही खोटा हिशेबच. आणि खासदाराचे म्हणणे त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत द्यावे. कुणाला पाडण्यासाठी किंवा कुणाला चढवण्यासाठी ही वही वापरली गेली, तर दुसऱ्या वर्षी तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

२००५ साली आपल्या दोन खासदारांचे प्रश्न दिल्लीतल्या पत्रकारांनी वाचले, आपण वाचले नव्हते. तेवढी एक गोष्ट यापुढे घडू नये. मनमाड-इंदूर मार्ग पूर्ण करण्यासाठी सरकारने स्वतः दिलेले वर्ष २०२८-२९ आहे. सध्याच्या लोकसभेची मुदत २०२९ मध्ये संपते. खाते उघडायला या अधिवेशनापासून सुरुवात केली, तर मत मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवायला तोवर एक भरलेली वही आपल्या हाती असेल.